एमआय-२ : आराखडा कोणाचा, हेलिकॉप्टर कोणाचे?

१/
स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या एका गटात गेल्या आठवड्यात प्रश्न आला : 'एमआय-२ हे दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर कोणत्या देशाचे?' उत्तरपत्रिकेनुसार बरोबर उत्तर 'सोव्हिएत संघ'. एका मुलाने 'पोलंड' लिहिले. त्याचे गुण गेलेच, वर त्याची यथेच्छ टिंगल झाली. त्याचे उत्तर इतक्या सहज निकालात काढता येत नाही, हे सांगण्यासाठी हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी स्वतःची कबुली देतो. पदव्युत्तर वर्गातल्या एका निबंधात मीही 'सोव्हिएत हेलिकॉप्टर एमआय-२' असे बिनदिक्कत लिहिले होते. मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले : 'बांधले कुठे?' त्या दोन शब्दांनी माझा महिनाभराचा आत्मविश्वास उतरवला. कारण उत्तर शोधू लागल्यावर कळले, की या हेलिकॉप्टरचे नियमित उत्पादन सोव्हिएत भूमीवर कधी झालेच नाही. एकाही वर्षी नाही.

३/
तेव्हा गोष्ट मुळापासून पाहू. मिखाईल मिल यांच्या संस्थेचे पहिले यशस्वी हेलिकॉप्टर एमआय-१. पहिले उड्डाण १९४८. एक पिस्टन इंजिन, शक्ती ५७५ अश्वशक्ती. वैमानिकासह तीन-चार माणसांची सोय. टपाल, रुग्णवाहतूक, टेहळणी, फवारणी अशी पडेल ती कामे त्याने केली. पण ते अवजड इंजिन प्रवासी कक्षाच्या मागे बसवलेले होते आणि हेलिकॉप्टरच्या पोटातील मोठी जागा त्यानेच अडवली होती. माणसांसाठी उरे ती दाटीवाटीची खोली.

४/
१९५०च्या दशकाच्या अखेरीस मिल यांच्या चमूने याच आकाराच्या, पण टर्बाइनवर चालणाऱ्या उत्तराधिकाऱ्याचे काम हाती घेतले. टर्बाइनचा मोठा गुण म्हणजे शक्तीच्या मानाने अत्यल्प वजन. लेनिनग्राडमधील इझोतोव्ह यांच्या संस्थेने त्यासाठी जीटीडी-३५० हे छोटे इंजिन घडवले. शक्ती ४०० अश्वशक्ती. अशी दोन इंजिने शेजारी-शेजारी बसवायची ठरले. दोन्ही मिळून ८०० अश्वशक्ती, आणि दोन्ही मिळूनही वजन त्या जुन्या एका इंजिनापेक्षा कमी.

५/
यापुढची युक्ती खरोखर सुंदर होती. इंजिने हलकी झाली म्हणून ती थेट छतावर नेता आली. पोट रिकामे झाले. पंख्याचा व्यास जवळपास एमआय-१ इतकाच, साडेचौदा मीटर. पण त्याच पंख्याखाली आता वैमानिकाखेरीज आठ प्रवासी बसू शकत होते, किंवा चार रुग्ण स्ट्रेचरवर झोपू शकत होते. २२ सप्टेंबर १९६१ रोजी या यंत्राचा नमुना प्रथम उडाला. ही कल्पना मिल यांच्या संस्थेची आहे आणि तिचे श्रेय त्यांचेच. त्यात वाटेकरी आणण्याचा माझा विचार नाही.

६/
दोन इंजिने कशासाठी, हेही समजून घ्यावे. दोन्ही इंजिने एकाच मुख्य गिअरबॉक्सला शक्ती देतात. त्यांपैकी एक बंद पडले, तर मधली एकदिशा कळ त्या मेलेल्या इंजिनाला सोडवते आणि दुसरे इंजिन अधिक जोर लावून पंखा फिरता ठेवते. पूर्ण भारानिशी हवेत एका जागी स्थिर राहणे तेव्हा जमेलच असे नाही. पण पुढे उडत राहून उतरण्याजोगी जागा गाठण्याची संधी मिळते. जंगलावर, शहरावर, समुद्रावर उडणाऱ्यासाठी ही संधीच सर्वस्व असते.

७/
आता 'पहिले कोण' या आवडत्या वादाकडे. 'जगातील पहिले हलके दोन-इंजिनी हेलिकॉप्टर' हा मान बहुतेक ठिकाणी पश्चिम जर्मनीच्या बीओ-१०५ला दिलेला आढळेल. त्याचे पहिले उड्डाण १९६७चे. एमआय-२चा नमुना त्याआधी साडेपाच वर्षे उडाला होता आणि कारखान्यातून नियमित हेलिकॉप्टरे बाहेर पडायला लागूनही वर्ष उलटले होते. बीओ-१०५ वजनाने बरेच हलके, त्याचा पंखा रचनेने वेगळा; त्यामुळे 'हलके' या शब्दाची व्याख्या आवळली की तो दावा टिकवता येतो. मात्र व्याख्या कोणी आणि कोणासाठी आवळली, हेही विचारले पाहिजे.

८/
बेलचे २१२, म्हणजे ह्यूईचा दोन-इंजिनी अवतार, त्याहूनही उशिराचे. कॅनडा सरकारच्या पाठबळाची आणि त्या प्रकल्पाची घोषणा १९६८ची. तरीही इंग्रजीतून इतिहास वाचणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर 'दोन इंजिनांचे बहुउपयोगी हेलिकॉप्टर' म्हटले की ह्यूईच उभे राहते. याला कट वगैरे म्हणण्याची गरज नाही. ज्या भाषेत आपण वाचतो, त्या भाषेचे कॅमेरे जिथे होते, तिथलेच आपल्याला दिसते.

९/
पण या धाग्याचा खरा वाद पश्चिमेशी नाही. तो आहे 'एमआय-२ सोव्हिएत' या एका ओळीशी. कारण १९६१चे ते उड्डाण नमुन्याचे होते, आणि नमुना म्हणजे हेलिकॉप्टर नव्हे. निवडक कारागिरांनी हाताने जुळवलेली, अभियंत्यांनी सतत डोळ्यांत तेल घालून जपलेली ती एक वस्तू असते. तिच्यावरून शेकडो किलोमीटर दूरच्या कारखान्यात, संरचनाकारांना कधीही न भेटलेली माणसे, हजारो सारखी आणि सुरक्षित यंत्रे काढू शकतील का, हा प्रश्न त्या दिवशी सुटलेला नसतो. तो जिथे सुटला, तिकडे जाऊ.

१०/
जानेवारी १९६४. सोव्हिएत संघ आणि पोलंड यांच्यात करार झाला : एमआय-२चे उत्पादन पोलंडमधील श्विदनिक येथे होईल. लुब्लिन शहराजवळचे हे छोटे गाव. कारखाना उभा राहिला आणि गावाचे नगर झाले. कारखान्याचे अधिकृत नाव होते 'दळणवळण साहित्य निर्मिती कारखाना'. नावावरून आत काय बनते याचा पत्ता लागू नये, अशीच त्या काळची रीत होती. १९५०च्या दशकाच्या आरंभी तिथे मिग-१५चे काही भाग बनू लागले. त्याच कारखान्याने मोटरसायकलीही काढल्या, आणि पोलंडच्या खेड्यापाड्यांत त्या घरोघर पोहोचल्या.

११/
असा कारखाना का निवडला? कारण तो कोरा नव्हता. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून तिथे एमआय-१चे परवाना उत्पादन सुरू होते. पोलिश नाव एसएम-१. दीड हजारांहून अधिक एसएम-१ श्विदनिकमध्ये तयार झाली. शिवाय त्या रचनेची ऐसपैस कक्ष असलेली स्वतःची आवृत्ती, एसएम-२, तिथल्याच अभियंत्यांनी बनवली आणि १९५९मध्ये उडवली. म्हणजे दाटीवाटीच्या त्या खोलीचा प्रश्न श्विदनिकने स्वतः ओळखला होता आणि त्यावर स्वतःचे उत्तरही शोधले होते, तेही एमआय-२चा नमुना उडण्याच्या दोन वर्षे आधी.

१२/
हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. परवाना घेणारा कारखाना म्हणजे दुसऱ्याचे अक्षर गिरवणारा विद्यार्थी, अशी आपली समजूत असते. इथे विद्यार्थ्याने गणित आधीच अर्धे सोडवले होते. त्याच्याकडे फक्त ते छोटे टर्बाइन नव्हते.

१३/
'मॉस्कोने पोलंडला हेलिकॉप्टर भेट दिले' अशा थाटाची मांडणीही वारंवार भेटते. हा दानाचा मामला नव्हता. समाजवादी गटातील देशांमध्ये उत्पादनाची वाटणी चालू होती. एएन-२ या दोन पंखी जोड्यांच्या विमानाचे उत्पादन १९६०च्या सुमारास पोलंडमधीलच म्येलेत्स येथे गेले. प्राथमिक जेट प्रशिक्षणासाठी चेकोस्लोव्हाकियाचे एल-२९ निवडले गेले. हलके हेलिकॉप्टर श्विदनिकच्या वाट्याला आले, त्यामुळे सोव्हिएत कारखाने मोठ्या यंत्रांसाठी मोकळे राहिले. देणाऱ्याची सोय होती, घेणाऱ्याकडे कुवत होती. दोन्ही बाजू लिहिल्या तरच तो इतिहास होतो.

१४/
४ नोव्हेंबर १९६५ रोजी श्विदनिकमध्ये बांधलेले पहिले एमआय-२ उडाले. पहिल्या नमुन्यानंतर चार वर्षांहून अधिक, करारानंतर पावणेदोन वर्षे. या काळात काय होत होते? ज्याला आपल्या इतिहासात एकही ओळ मिळत नाही, ते सगळे. आराखडे उलगडणे, धातूंचे स्थानिक पर्याय पारखणे, साचे आणि जोडणीचे सांगाडे उभारणे, पंख्याची पाती वजनाने एकमेकांशी जुळवणे, गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा फिरवून पाहणे, आणि तपासनिसांची एक पिढी तयार करणे.

१५/
इंजिनांचेही तसेच. जीटीडी-३५० लेनिनग्राडला जन्मले, पण त्याचे उत्पादन पोलंडमधील झेशूफच्या कारखान्यात होऊ लागले. पुढे १९९०च्या दशकापर्यंत एमआय-२चे उत्पादन चालले आणि संख्या ५४००च्या वर गेली. त्यांचा सर्वांत मोठा ग्राहक कोण? सोव्हिएत संघ. ज्या देशाचे म्हणून आपण ते हेलिकॉप्टर ओळखतो, तो देश ते पोलंडकडून आणत होता. त्या मुलाच्या 'चुकीच्या' उत्तराकडे आता पुन्हा पाहा.

१६/
इथे एक आक्षेप येणार, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. 'निर्मिती म्हणजे कल्पना. जुळवणी कोणीही करू शकतो. नाटक लिहिणाऱ्याचे असते, छापखान्याचे नव्हे.' उपमा आकर्षक आहे, पण फसवी आहे. छापखान्यात अक्षर पुसट उमटले तर वाचक नाक मुरडतो. हेलिकॉप्टरच्या पात्याच्या मुळाशी बारीक भेग राहिली तर माणसे मरतात. छापलेले नाटक वर्षानुवर्षे तेच राहते. एमआय-२ तसे राहिले नाही.

१७/
श्विदनिकमध्ये त्याला किती रूपे मिळाली ते पाहावे. शेतीसाठी दोन्ही अंगांना रसायनांच्या टाक्या लावलेले फवारणीचे रूप. रुग्णवाहिकेचे रूप. समुद्रावरील बचावाचे रूप. सैन्यासाठी ५७ मिलिमीटरची रॉकेटे डागणारे, तसेच रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे वाहणारे रूप. धुराचा पडदा पसरवणारे रूप. हे सगळे नकाशाच्या एका गुंडाळीत घालून कोणी पाठवले नव्हते. ग्राहकाची गरज, कारखान्याची जाण आणि वैमानिकांच्या तक्रारी यांतून ते वर्षानुवर्षे घडत गेले.

१८/
मराठीत 'विकास' हा शब्द आपण रोपालाही लावतो. बी रुजले त्या दिवशी रोपाचा विकास पूर्ण झाला, असे कोणी म्हणत नाही. यंत्रांच्या बाबतीत मात्र पहिले उड्डाण झाले की आपल्या लेखी विकास संपतो आणि उरते ते 'उत्पादन' : मुके, यांत्रिक, नाव नसलेले. या विभागणीला माझा विरोध आहे. तिच्यामुळे विचार करण्याचा मान काही टेबलांना मिळतो आणि बाकीच्यांच्या वाट्याला नुसते हात येतात.

१९/
दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत, त्यांचाही समाचार घेणे भाग आहे. 'एमआय-२ पूर्णतः पोलिश, सोव्हिएतांनी फक्त शिक्का मारला' असे छाती फुगवून लिहिणारे मला भेटले आहेत. हेही खोटे. छतावरची दोन इंजिने मिल यांच्या चमूचीच, टर्बाइन इझोतोव्ह यांच्याच संस्थेचे. एका राष्ट्राचे नाव खोडून तिथे दुसऱ्याचे लिहिल्याने चूक दुरुस्त होत नाही, फक्त तिचा धनी बदलतो. प्रश्न राष्ट्राचा नाहीच. श्रेय मोजण्याची पट्टीच तोकडी आहे.

२०/
आता श्विदनिकच्या दुसऱ्या इतिहासाकडे येतो, आणि हा धागा लिहिण्याचे माझे मुख्य कारण तेच आहे. ८ जुलै १९८०. कारखान्याच्या उपाहारगृहात जेवणाचे दर एकाएकी वाढले. दहा झ्लॉटींच्या आसपास मिळणारी मांसाची वडी अठरा झ्लॉटींच्या वर गेली. कामगारांनी यंत्रे बंद केली. संप समितीच्या प्रमुखपदी एक स्त्री होती : झोफिया बार्तकिएविच. मागण्या केवळ जेवणाच्या नव्हत्या. वेतनाच्या होत्या, वागणुकीच्या होत्या.

२१/
तीन दिवसांनी, ११ जुलैला, व्यवस्थापनाने कामगारांशी लेखी करार केला. कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्या व्यवस्थेत संपकऱ्यांसमोर बसून कागदावर सही करणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. संपाचे लोण लुब्लिनमध्ये आणि आसपासच्या कारखान्यांत पसरले, रेल्वे थांबली. पोलंडमध्ये हा काळ 'लुब्लिनचा जुलै' म्हणून ओळखला जातो. ग्दान्स्कच्या गोदीतला जगप्रसिद्ध संप, ज्यातून सॉलिडॅरिटी ही संघटना जन्मली, तो यानंतर महिन्याभराने, १४ ऑगस्टला सुरू झाला.

२२/
मग पुस्तके काय सांगतात? विमानविद्येच्या पुस्तकांत श्विदनिक १९६५ला येते, पाच हजारांचा आकडा सांगते आणि नाहीसे होते. राजकीय इतिहासात ते १९८०ला उगवते : 'श्विदनिक येथील एका कारखान्यात संप झाला.' कोणत्या कारखान्यात, तिथे काय बनत होते, हे सांगण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. एका कपाटात हेलिकॉप्टर आहे पण माणसे नाहीत. दुसऱ्या कपाटात माणसे आहेत पण त्यांच्या हातात काय होते ते नाही. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, आणि दोन्ही अपुरी.

२३/
'संपाचा हेलिकॉप्टरच्या विकासाशी संबंध काय?' असे कोणी विचारील. थेट कार्यकारणभाव मी जोडत नाही. रोटरच्या पात्यांतून सॉलिडॅरिटी निघाली, असले वाक्य माझ्याकडून निघणार नाही. मी एवढेच म्हणतो, की ज्यांना आपण 'दिलेले आराखडे राबवणारे हात' म्हणून इतिहासाबाहेर ठेवतो, त्यांनी १९८०मध्ये समिती निवडली, मागण्या शब्दांत मांडल्या, वाटाघाटी केल्या आणि सह्या घेतल्या. ही माणसे विचार करीत नव्हती, असे मानण्यास आधार नाही. मग त्याआधीची पंधरा वर्षे पात्यांच्या आणि गिअरबॉक्सच्या शेजारी उभी राहून त्यांनी विचार केला नसेल, हे तरी कशावरून मानायचे?

२४/
पुढची गोष्ट अधिकच विलक्षण आहे. १३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये मार्शल लॉ लागू झाला. श्विदनिकच्या कामगारांनी पुन्हा संप केला. १५-१६ डिसेंबरच्या रात्री दंगलविरोधी पोलिसांनी रणगाड्यांच्या साथीने तो मोडून काढला. कारखाना गप्प झाला. पण फेब्रुवारी १९८२मध्ये गावाने निषेधाची नवी तऱ्हा शोधली. सायंकाळी साडेसातला सरकारी दूरदर्शनच्या बातम्या सुरू झाल्या, की लोक घराबाहेर पडून शांतपणे फिरायला जात. काहींनी दूरदर्शन संच खिडकीत ठेवून त्यांचे तोंड रस्त्याकडे फिरवले : बातम्या ज्याला ऐकायच्या त्याने ऐकाव्यात.

२५/
चालण्यास मनाई करणारा कायदा नव्हता. म्हणून प्रशासनाने या एका गावासाठी सायंकाळी साडेसातपासूनच संचारबंदी लावली. गावकऱ्यांनी फिरण्याची वेळ बदलून ती संध्याकाळी पाचच्या बातम्यांवर आणली. हे फेरफटके नंतर इतर शहरांतही पसरले. नियमांच्या चौकटीत राहून त्या चौकटीतूनच वाट काढण्याची ही बुद्धी आहे. दुसऱ्याच्या आराखड्यावर पंधरा-सोळा वर्षे काम करणाऱ्या गावाला ती उपरी नसावी, असे मला वाटते. हा पुरावा नव्हे, माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच घ्यावा.

२६/
कारखान्याच्या बाबतीत मात्र तर्काची गरज नाही. १९७९ साली श्विदनिकमधून दोन नवी हेलिकॉप्टरे उडाली. जूनमध्ये 'कानिया', म्हणजे घार : एमआय-२चाच सुधारलेला देह, पण त्यात अमेरिकी ॲलिसन टर्बाइन, तेही शीतयुद्ध चालू असताना. नोव्हेंबरमध्ये 'सोकूव', म्हणजे ससाणा : अधिक मोठे, दोन इंजिनांचे, पोलंडमध्ये विकसित झालेले हेलिकॉप्टर. घार फार थोडी बनली, ससाण्याने पोलिश सैन्यात आणि बचावपथकांत दीर्घ सेवा केली. परवान्यावर गिरवणाऱ्या हातांना हे जमत नाही.

२७/
आता इतक्या दूरच्या पोलिश गावाशी मराठी माणसाचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी. ज्या १९६४ साली श्विदनिकचा करार झाला, त्याच वर्षी नाशिकजवळ ओझरला मिग-२१साठी एचएएलचा कारखाना उभा राहिला. परवाना सोव्हिएतच. विमान ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला. जशी तिकडे श्विदनिक आणि झेशूफ यांच्यात विभागणी, तशीच इकडे. फरक एवढाच की मिग-२१ सोव्हिएत संघातही बनत होते, एमआय-२ बनत नव्हते. म्हणजे श्विदनिकचा दावा ओझरपेक्षाही भक्कम. तरी दोघांनाही मिळालेले उत्तर एकच : 'तुम्ही फक्त जोडलेत.'

२८/
हे वाक्य मी घरात ऐकले आहे. माझ्या नात्यातील एक वडीलधारे ओझरला फिटर होते. लग्नकार्यात कोणी विचारले की ते सांगत, 'आम्ही विमाने बनवायचो.' मग एखादा शिकलेला पाहुणा हसून दुरुस्ती करी, 'रशियाची विमाने. तुम्ही जोडायचात.' ते वाद घालत नसत. पुढचा विषय काढत. त्या दुरुस्तीत तपशिलाची चूक नव्हती. तरी ती अपुरी होती, हे सांगण्याइतके तेव्हा मला कळत नव्हते. निबंधात 'सोव्हिएत हेलिकॉप्टर' लिहिताना मीही त्या पाहुण्याच्याच पंगतीला बसलो होतो.

२९/
तेव्हा मागणी साधी आहे. यंत्राचा इतिहास लिहिताना तीन प्रश्न विचारावेत : कल्पना कोणाची? ती हजारो वेळा, न चुकता, कोणी प्रत्यक्षात आणली? आणि वापरातून तिला नवी रूपे कोणी दिली? तिन्हींचे उत्तर एकच असेल तर एक नाव लिहावे. वेगवेगळे असेल तर सगळी लिहावीत. ओळ लांबेल, परीक्षेच्या चार पर्यायांत ती मावणार नाही. तो पर्यायांचा दोष आहे, इतिहासाचा नव्हे.

३०/
आणि 'पोलंड' लिहिणाऱ्या त्या मुलास : तुझे उत्तर अर्धे होते. उत्तरपत्रिकेतले उत्तरही अर्धेच होते. फरक इतकाच, की त्यांच्या अर्ध्याला गुण मिळाले आणि तुझ्या अर्ध्याला हसू. परीक्षेत त्यांना हवे ते लिही, गुण सोडू नकोस. पण वहीत पूर्ण वाक्य लिहून ठेव : एमआय-२, संरचना मिल यांच्या संस्थेची, इंजिनाची रचना लेनिनग्राडची, इंजिने बनली झेशूफला, हेलिकॉप्टर घडले श्विदनिकला.

धागा समाप्त. मतभेद असतील तर जरूर लिहा. तपशिलांसह लिहिलेत तर अधिक आनंद होईल.